आई सिडकोत एकटी, मदत कुणाकडे मागायची?

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी पुण्यात, आणि ती नाशिक सोडायला तयार नाही. संस्था बऱ्याच दिसतात, पण कोण नक्की काय करतं?

— आधी जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ गाठा. आमच्या इंदिरानगरात वॉकर एक संस्था अनामत घेऊन देते, डबा महिला मंडळाचा. दोघांना जोडणारे संघाचे एक निवृत्त कंडक्टर काका. त्यांच्या वहीत सगळं: कुणाला मीठ कमी, कुणाचा वॉकर परत यायचाय. वर दम देतात, "आजी, कोशिंबीर तुम्हीच करायची!" बरोबरच आहे म्हणा.

— आईला फुकटचं घेणं पटणार नाही हो.

— मग डब्याचे पैसे द्या, घेतात. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही फोनमध्ये सेव्ह करून द्या. पंचाहत्तरी झाली असेल तर एसटीला तिकीट नाही, पुण्याला येतील की!