विहिरीतलं प्रेत, जमादारांची घाई आणि मी: पुढे एमडी फॉरेन्सिक करावं का?

बॉन्डअळी

नमस्कार मंडळी. नागपुरातून एमबीबीएस झालं, आता सरकारी सेवेच्या बॉन्डवर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आहे. पाच महिने झाले. नाव वाचून हसू नका. बॉन्ड मोडायला 10 लाख भरायची ऐपत नाही म्हणून वर्षभर या बोंडात शिरून बसले आहे.

इथं येईपर्यंत पीएम, म्हणजे शवविच्छेदन, फक्त पाहिलं होतं, तेही चाळीस पोरांच्या मागे टाचा उंचावून. इथं रुजू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी स्वतः करावं लागलं. आतापर्यंत एकोणीस झाली. जास्त करून फवारणीचं औषध प्यायलेले, बाकी साप, अपघात, एक फाशी. गेल्या मंगळवारी विहिरीतून काढलेला एक माणूस आला, पस्तिशीचा असेल. दोन दिवस बेपत्ता होता म्हणे. पोट फुगलेलं, कातडी सुटत आलेली, डोक्याला मागून एक जखम. ठाण्याचे जमादार म्हणाले, "मॅडम, पाण्यात बुडून मृत्यू लिहा न् मोकळ्या व्हा, लोकं सकाळपासून निंबाखाली बसले आहेत." मी मृत्यूचं कारण राखून ठेवलं, म्हणजे तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत लिहिलं नाही, आणि व्हिसेरा, म्हणजे विष तपासायला पाठवायचे आतले अवयव, काढला. तेव्हापासून ठाण्यातून दोनदा फोन आला.

चुकलं का माझं? आणि दुसरं, हे सांगायला जरा लाज वाटते, पण मला हे काम आवडायला लागलं आहे. ओपीडीत शंभर खोकले तपासून जे वाटत नाही ते इथं वाटतं. आई म्हणते, मुडद्यांची डॉक्टरीण कोण करून घेईल? ही ब्रँच, फॉरेन्सिक म्हणजे न्यायवैद्यक, घेतलेलं कुणी इथं आहे का?

कोरडवाहू

ताई, स्पष्ट बोलतो. दवाखाना टाकता येत नाही, प्रॅक्टिस शून्य. नीट-पीजीत रँक लागली तर स्किन नाहीतर रेडिओलॉजी घ्या. फॉरेन्सिक शेवटी उरतं ते लोक घेतात.

आघाडा

कोरडवाहू, शेवटी उरलं म्हणूनच मीही घेतलं होतं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, अकरा वर्षं मेडिकल ऑफिसरकी केल्यावर. आता निवृत्त आहे. 'आघाडा' हे नाव का घेतलं ते खाली येईलच.

बेटा, पहिलं आधी. कारण राखून ठेवलंस ते बरोबर केलंस. बुडालेल्याचं ताजं प्रेत असतं तर नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस दिसला असता. पुसला तरी पुन्हा येतो. छाती उघडली की फुप्फुसं फुगून हृदयावर चढलेली दिसतात, श्वासनळीत गाळ सापडतो. दोन दिवस पाण्यात राहून कुजायला लागल्यावर यातलं फारसं काही उरत नाही. हातापायाची कातडी सुरकुतली होती हे सांगून उपयोग नाही, ती मेलेल्या माणसाचीही सुरकुतते. डोक्यावरच्या जखमेचं काय? टाळूची कातडी उलटवून आत रक्त साकळलेलं पाहिलंस का? आपल्याकडच्या जुन्या विहिरी दगडी बांधाच्या. पडताना डोकं आपटतं, बाहेर काढताना गळ लागतो. आणि कुणी मारून टाकलेलाही असतो. पाण्यात रक्त धुवून जातं, त्यामुळे वरवर बघून तिन्ही सारखेच दिसतात. मांडीचं हाड आणि त्याच विहिरीचं पाणी डायटमसाठी, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ हाडाच्या मगजात पोचलं का ते बघायला, ठेवलं असशील तर उत्तम. त्यानं सगळंच ठरतं असं नाही, पण वकील पहिलं तेच विचारतो.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला पीएम रूमवर पोचायला उशीर झाला. ट्यूबलाइट फडफडणारी, नळाला पाणी सकाळी एक तास. आमच्या तिथला सफाई कामगार मोठा मायाळू माणूस. नातेवाइकांना पोरीचं तोंड नीट दिसावं म्हणून त्यानं मी यायच्या आत प्रेत बादलीभर पाण्यानं स्वच्छ धुवून, केस विंचरून ठेवलं होतं. लग्नाला चार वर्षं झालेली बाई. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आतली म्हणून पंचनामा नायब तहसीलदारांनी केलेला, कागद सगळे चोख. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'गालावर लाळेचा वाळलेला ओघळ'. माझ्यासमोर ओघळ नव्हता. जिवंतपणी गळफास बसला की गाठीच्या उलट्या बाजूला तोंडातून लाळ गळते. मारून मग लटकवलेल्याची गळत नाही. पंचांनी जे पाहिलं ते मी पाहू शकलो नाही, आणि कोर्टात मला तेच सांगावं लागलं. तिचा बाप मागच्या बाकावर बसला होता.

त्या दिवसापासून माझा एकच हुकूम: मी आल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही.

त्या हुकुमाचं फळ नऊएक वर्षांनी मिळालं. डिसेंबरातली गोष्ट, तूर शेंगेवर आलेली. चाळिशीचा एक माणूस डांबरी रस्त्याच्या कडेला सापडला. कागदावर 'अज्ञात वाहनाची धडक'. अंगावर ओरखडे होतेच, पण कसे? पिवळट, वाळलेल्या चामड्यासारखे, भोवती लाली नाही. मेल्यावर खरचटलं की तसं दिसतं. मग मी कापायचं थांबवलं आणि कपडे बघत बसलो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. थंडीच्या रात्री रस्त्यानं चालणारा माणूस पँट कशाला दुमडेल? पायाच्या बोटांत काळी ओली माती, आणि प्रेत सापडलं त्या कडेला नुसता मुरूम. दुमडलेल्या पट्टीत आघाड्याचे दाणे अडकलेले. वावरातून चालताना चिकटतात ना, तेच. मोजले, तेवीस होते. एका पाकिटात भरून सील केले.

मग पाय धुतले, माझ्या हातानं, ओल्या कापसानं. डाव्या नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर, एक आडवी रेघ निघाली. काडेपेटीतल्या काडीएवढी लांब. मध्ये खोलगट, तळ फिकट राखेसारखा, कडा उचललेल्या आणि कडक, रक्ताचा टिपूसही नाही. बोटानं चाचपली तर कुरुपासारखी लागली. ओली माती असताना तुम्ही पन्नास वेळा बघाल आणि पन्नास वेळा सुटेल. विजेची तार लागल्याची खूण. रानडुकरं पीक खातात म्हणून वावराभोवती तार ओढून तिला लाइनवरून आकडा टाकणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. कुणी जागलीला गेला, कुणी पहाटे परसाकडे गेला, तारेला पाय लागला. मग वावराचा मालक घाबरतो आणि प्रेत रस्त्यावर आणून टाकतो.

मी लिहिलं एवढंच: मृत्यू विजेच्या धक्क्यानं, ओरखडे मरणोत्तर. खूणेची कातडी फॉर्मॅलिनमध्ये तपासणीला. कुणाचं वावर, कुणाचा आकडा, हे माझं काम नाही. 'खून' हा शब्दसुद्धा आपल्या कागदावर येत नाही, 'आत्महत्या'ही नाही. कशानं मेला ते आपण सांगायचं, कुणी आणि का ते पोलिसांनी आणि कोर्टानं बघायचं.

साक्षीला पाच वर्षांनी बोलावलं. आरोपीचा वकील उठला. "डॉक्टर, तुम्ही वनस्पतीशास्त्र शिकला आहात का? हे दाणे आघाड्याचे हे कशावरून?" मी म्हटलं, "साहेब, ऋषिपंचमीला आमची आई याच्याच काडीनं दात घासायची आणि काड्या तोडून आणायला मलाच पाठवायची." जजसाहेबांनी खाली मान घालून टायपिस्टला सांगितलं, "घ्या, लिहून घ्या."

ब्रँचचं म्हणशील तर एमडीची तीन वर्षं. नोकरीची मुख्य वाट मेडिकल कॉलेजची. चंद्रपूर, गोंदियानंतर 2024 मध्ये अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा इतकी सरकारी कॉलेजं आली, शिकवायला माणसं लागणारच. पैसा बेताचा. लग्नाचं आईला सांग, माझी बायको मला 36 वर्षं सहन करते आहे. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग चहा, इतकीच तिची अट.

आणि हो, व्हिसेऱ्याच्या बरण्या. मिठाचं पाणी म्हणजे चिमूटभर मीठ नव्हे, मीठ विरघळायचं थांबून तळाशी साचलं पाहिजे. बरणी दोन तृतीयांशच भर, गॅस धरतो. यात फॉर्मॅलिन चुकूनही नको, विष शोधणं अवघड होऊन बसतं. वापरलेल्या मिठाच्या पाण्याचा नमुना वेगळा पाठव. हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगायचो आणि तरी दर वर्षी एक जण फॉर्मॅलिन ओतायचाच.

जमादार रिटायर

डॉक्टरसायेब, तुमाले नमस्कार. म्या तीस वर्सं पोलिसात काढले, त्यातले बरेच मर्गचे, म्हंजे अकस्मात मृत्यूचे, कागद लिवन्यात. आधी कलम 174, आता 194 म्हनतात, काम तेच.

मॅडम, जमादार घाई काहून करते ते आयका. येक तं लोकं आमच्या डोक्यावर बसते. दुसरं, कारन राखीव ठेवलं का फाइल बंद होत नाही, दर मयन्याले सायेब इचारते, 'तुझे मर्ग किती पेंडिंग?' त्याचा राग तुमच्यावर निंगते. तुमी मनावर नोका घेऊ.

व्हिसेऱ्याच्या बरन्या आमी एसटीनं नागपूरले नेत होतो. कापडी थैली मांडीवर. येकदा बाजूच्या बाईनं इचारलं, "काय हाये भाऊ, लोनचं हाये का?" म्या म्हनलं हो. तं म्हने, "आंब्याचं का लिंबाचं?" मंग म्या पांढरकवड्यापासून वर्ध्यापर्यंत झोपेचं सोंग घेतलं.

आनखी येक. फाशीच्या दोराची गाठ कोनीबी सोडू नये. गाठीपासून दूर कापाचा न् कापलेली टोकं सुतळीनं बांधून ठेवाचे. नवीन पोट्टे गाठच कापते राजेहो.

माहेर_दारव्हा

इथं बोलू की नको असा विचार करत होते. माझा भाऊ 2022 मध्ये गेला. रात्री घरात खाली झोपला होता, पहाटे पोटात दुखतं म्हणाला, डोळे उघडेनात, दवाखान्यात नेईपर्यंत संपला. अंगावर दात दिसले नाहीत. रिपोर्टवर 'कारण राखीव'. वहिनी चौदा महिने कागद घेऊन फिरली. शेतकरी अपघात योजनेचे 2 लाख सापाला मिळतात, पण साप कागदावर पाहिजे. डॉक्टरांचं बरोबर असेल, पण 'राखीव' लिहून तुम्ही घरी जाता. आम्ही त्या शब्दाबरोबर राहतो.

आघाडा

ताई, तुमचं खरं आहे. तुम्ही सांगता ती लक्षणं मण्याराची. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावतो, दुखत नाही, दात सुईच्या टोकाएवढे, आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात. कानामागे, बोटांच्या बेचक्यात भिंग घेऊन शोधावं लागतं. आणि पापण्या पडल्या होत्या हे घरच्यांना विचारून लिहावं लागतं. ते विचारलं नसेल तर दोष आमच्या जातभाईचाच.

बॉन्डअळी, तू आता ऐक. प्रयोगशाळेचा सीए, म्हणजे रासायनिक तपासणीचा, रिपोर्ट पोलिसांकडे जातो, तुझ्याकडे नाही. तो घेऊन त्यांनी तुझ्याकडे अंतिम मत मागायला यायचं असतं. पुष्कळदा तो ठाण्याच्या कपाटात पडून असतो आणि डॉक्टर म्हणतो मला मिळालाच नाही. मी एक वही ठेवली होती. राखीव ठेवलेलं प्रत्येक नाव, तारीख, मर्ग नंबर. दर महिन्याच्या एक तारखेला ठाण्यात पत्र, पोच घेऊन. ठाणेदार मला वहीवाला म्हणायचे.

उन्हाळ्यात मृत्यूची वेळ विचारतील, जपून. आपल्याकडे मे महिन्यात 45-46 अंश. प्रेत थंड होण्याऐवजी पत्र्याखाली तापत जातं, ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो. पुस्तकातले तास विलायतेच्या हवेचे. तास सांगू नको, टप्पा सांग.

बॉन्डअळी

सगळ्यांचे आभार. जमादारकाकांचं लोणचं आमच्या नर्सबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या आणि मग जेवल्या नाहीत.

आघाडा सर, टाळूची कातडी उलटवली होती. आत रक्त साकळलेलं होतं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं. टिपणात लिहिलं आहे, फोटो आहे. विहिरीचं पाणी ठेवलं, हाड ठेवलं नाही. माहीतच नव्हतं. आज सकाळी ठाण्यात लेखी कळवलं, पोच घेतली. ते जमादार काही बोलले नाहीत, चहा मात्र मागवला.

माहेर_दारव्हा, तुमचा शब्दन् शब्द वाचला. वही आजच आणली आहे, माझी पाच नावं राखीव निघाली. ब्रँचचं अजून ठरलं नाही, आईला सरांची अंघोळ-चहाची अट सांगितली तर म्हणाली, बघू.

आत्ता रात्रीचे नऊ वाजले आहेत. राळेगावकडून एक प्रेत आलं आहे, जळालेली बाई, पीएम उद्या उजेडात. मघाशी पीएम रूममध्ये जाऊन आले तर आमच्या सफाई कामगार मामांनी उद्यासाठी बादली भरून टॉवेल काढून ठेवलेला होता. बादली बाहेर नेऊन तुळशीला ओतली. मामा रागावले आहेत.