प्रतिसाद: कचरा न करता दोघांनी फिरणे

जोडप्याने कचरा न करता फिरायला कसे जावे, या प्रश्नावर बांबूचे चमचे आणि पेय पिण्यासाठी स्टीलच्या नळ्या विकत घेण्याचा सल्ला काहींनी दिला आहे. तो चुकीचा नाही, परंतु दोघांच्या फिरण्यातला मोठा भार बहुधा पेट्रोलचा आणि बाहेरून मागवलेल्या जेवणाच्या वेष्टनांचा असतो, चमच्यांचा नव्हे.

मुंबई-ठाण्याच्या जोडप्यांनी या दृष्टीने माथेरानचा विचार करावा. कर्जतच्या लोकलने नेरळला उतरावे, दस्तुरी नाक्यापर्यंत सामायिक टॅक्सीने जावे आणि तिथून पुढे खासगी मोटारींना मज्जावच असल्यामुळे तांबड्या मातीच्या वाटेने गप्पा मारत चालावे. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान छोटी रेल्वेगाडी मिळाली तर उत्तमच, मात्र ऐन पावसाळ्यात नेरळहून सुटणाऱ्या तिच्या फेऱ्या बंद असतात. सोबत घरचे थालीपीठ आणि पाणी न्यावे. तिथली माकडे हातातल्या पिशव्या बिनदिक्कत हिसकावतात, त्यामुळे घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पाठीवरच्या पिशवीत ठेवणे हे पर्यावरणापेक्षा स्वसंरक्षणासाठीच अधिक आवश्यक ठरते! चिक्की घ्यायचीच असेल, तर दुकानदाराला वेष्टनाशिवाय सुटी मागून पाहावी आणि परतीच्या वाटेवर रिकाम्या झालेल्या त्याच डब्यात भरून आणावी.