एसटीआय वळताना अडते, डिफरन्शियल गेलं का?

तीनपेडल: मी डेन्व्हरला असतो. मागच्या महिन्यात २०११ची सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय घेतली, सेकंडहँड. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश निघालं की कुणीतरी मागून धरल्यासारखी अडते, टायर चरचरतात आणि खालून टक्क! हायवेला लोण्यासारखी चालते. गॅरेजवाल्याने जॅकवर न घेताच "सेंटर डिफ गेलं" म्हणून ३,५०० डॉलर सांगितले. दुसरं म्हणजे, बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब) वाढवायचा नॉब बाहेरून बसवावा का? कन्सोलवर आहे त्याने काही फरक पडत नाही.

घाटवाट: थांबा, पैसे देऊ नका. सेंटर डिफ पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, आणि या गाडीत ते हाताने लॉकही करता येतं. मीटरमध्ये डिफ 'ऑटो'वर आहे का ते पाहा. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. सेंटर डिफ लॉक असलं की दोन्हीकडच्यांना एकाच वेगाने फिरावं लागतं. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग ताण साठतो आणि टक्कन सुटतो. लव्हलँड पास घाटातल्या बर्फात याच लॉकने मला वर नेलंय, पण दुकानापुढच्या पार्किंगमध्ये ते नको.

बूस्टचं म्हणाल तर कन्सोलवर तसा नॉबच नाही. गोल आहे तो एसआय-ड्राइव्ह. पेडलला इंजिन किती चटकन दाद देणार ते तो ठरवतो, 'आय' मोडवर ताकद आवरतो. बाहेरून बसवायचा नॉब वेस्टगेटला (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेला) खरा दाब कळू देत नाही, एवढंच. तुम्ही १,६०० मीटरवर. विरळ हवेत तेवढाच दाब द्यायला टर्बो आधीच जास्त फिरतोय. त्यात आपल्याकडे पंपावर प्रीमियम म्हणजे ९१च ऑक्टेन, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) रोखायला बेताचं. ट्यूनिंगशिवाय दाब वाढवलात तर नॉकिंग होणार, आणि या २.५ लिटरच्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. मग ३,५०० स्वस्त वाटतील.

आजोळची_जीप: चारही टायर एकसारखे झिजलेत ना? दोन नवे, दोन जुने असले तर सेंटर डिफला सरळ रस्त्यावरही आराम नसतो.

तीनपेडल: सापडलं. हसू नका. एसआय-ड्राइव्हमागचं ते बटण मी बूस्टचं समजत होतो. रोज निघताना मॅन्युअल करून पार पुढे सारायचो! ऑटोवर टाकली, त्याच पार्किंगमध्ये इंग्रजी आठाच्या आकारात फिरवली, आवाज नाही. टायर उद्या मोजतो.

घाटवाट: हसलो. माफ करा.