दापोलीच्या कृषी विद्यापीठात कृषी अर्थशास्त्र घ्यावं का?

बी.एस्सी. कृषी झालंय. घरी देवगडला हापूसची कलमं. गेल्या मोसमात वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली. हमाली, तोलाई, भाडं वजा जाता उरलेला आकडा बाबांनी वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि वही मिटली. तेव्हापासून एम.एस्सी.ला हाच विषय मनात आहे. गणित झेपेल?

उत्तर १: झेपेल. मी तिथेच शिकलो. रिग्रेशनने (आकड्यांमधला संबंध मोजायची रीत) पहिल्या सत्रात घाम काढला, खरं. पण शेतीचा खर्च मोजायचे अ, ब, क असे प्रकार शिकलो. 'क'मध्ये घरच्यांची मजुरीही धरतात. पेंढा घालून पेट्या भरणाऱ्या आयेचे दिवस पहिल्यांदा रुपयांत दिसले. डोळे भरून आले.

उत्तर २: ताई, सीईटीची तयारी लगेच सुरू कर. आणि बाबांच्या जुन्या वह्या रद्दीत देऊ नकोस, प्रबंधाला लागतील.

उत्तर ३: पट्ट्याही ठेव. तारखेनिशी.