यामाहा आर१५ व्ही३ बाइक स्टॉक क्लाससाठी तयार करायची आहे, आधी काय करू?

अंबड_१५५: गाडी १५५ सीसी, अजून पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच. क्लब रेसिंगच्या स्टॉक वर्गात उतरायचंय. बजेट कमी आहे. एक्झॉस्ट आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आधी घेऊ का? नाशकात कोणती कामं होतील?

सातपूर_लेथ: एक्झॉस्ट राहू दे भाऊ. स्टॉक वर्गात त्याला परवानगी आहे का, ते आधी त्या वर्षीच्या नियमांत बघ. पहिलं काम लॉकवायरचं, म्हणजे बोल्ट सैल होऊन निघू नयेत म्हणून ते तारेने बांधायचे. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिलर कॅप, ऑइल फिल्टर कव्हरचे बोल्ट आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट. डोक्याला १.५ मिमीचं भोक, ०.८ मिमीची स्टीलची तार. एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये भोकं पाडून मिळतील. आधी सेंटर पंच मारायला सांग, ड्रिल सावकाश चालव, कटिंग ऑइल सोड. बोल्ट कडक असतो, घाई केली की बिट आत तुटतो. तारेचा ताण बोल्ट आवळायच्या दिशेनेच हवा. उलटा बांधला तर तार असून नसल्यासारखी, आणि ट्रॅकवर सांडलेलं ऑइल मागच्या सगळ्यांना पाडतं.

आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट, साइड स्टँड काढ.

पंचवटी_पिट: कूलंटही काढ. त्यातलं ग्लायकॉल निसरडं असतं आणि पाण्यासारखं वाळत नाही. रेडिएटर धुऊन डिस्टिल्ड वॉटर भर. घरी आल्यावर पुन्हा कूलंट, नाहीतर आतून गंज धरतो.

ब्रेकवर खर्च कर. ताजं डॉट ४ ब्रेक फ्लुइड कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. लिव्हर मऊ लागतो तो म्हणूनच. फ्लुइड सीलबंद डब्यातलंच घे.

टायरचं प्रेशर ट्रॅकवरून आत येताक्षणी मोज. थंडपेक्षा ३-५ पीएसआय वाढणं ठीक. त्याहून बरंच वाढलं तर सुरुवातीला हवा कमी होती, टायर जास्त दबून तापतोय.

अंबड_१५५: आणि सूट? टेक्स्टाइल जॅकेट चालेल?

सातपूर_लेथ: नाही. एकसंध लेदर सूट, बॅक प्रोटेक्टर, घोट्यावर जाणारे बूट, मनगट झाकणारे ग्लोव्ह्ज, डबल डी-रिंगचं (पट्टा दोन कड्यांतून ओवून आवळायचं) हेल्मेट. एक्झॉस्टचे पैसे इथे घाल. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्ससाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, ते लवकर काढ.

पंचवटी_पिट: चेन्नईचा ट्रॅक ३.७ किमीचा, कोइम्बतूरचा कारी २.१ किमीचा. दोन्ही लांब, गाडी टेम्पोनेच न्यावी लागेल. दोघा-तिघांनी मिळून टेम्पो केलात तर परवडेल. जादा ब्रेक लिव्हर, क्लच लिव्हर आणि फूटपेग सोबत ठेव. साधी घसरगुंडी झाली तरी आधी तेच तुटतात, आणि तिथे ऐनवेळी मिळत नाहीत.