पुण्याचं डेक्कन घडवलं लाकडी पुलानं की आणखी कशानं?

मुठाकाठ:
माझं मत ठाम आहे. लाकडी पूल नसता तर नदीपलीकडची डेक्कन जिमखान्याची वस्ती आज जिथं आहे तिथं झाली नसती. पानिपतानंतर पेशव्यांनी मुठा नदीवर हा पूल टाकला आणि जुन्या शहरातल्या पेठांना भर पावसातही पलीकडं जायची सोय झाली. आजही लक्ष्मी रस्ता धरून चालत गेलं की अलका चौकात पुलाच्या तोंडाशीच येतो आपण. पूल ओलांडला की कर्वे रस्ता, जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता, तिन्ही हाकेच्या अंतरावर. या रस्त्यांना फुटायची जागा पुलानं दिली.

नारायणपेठी:
मग दीडशे वर्षं पूल काय करत होता? पूल १७६१ च्या सुमाराचा, डेक्कन जिमखाना क्लबची स्थापना १९०६ ची. मधल्या काळात पलीकडं भांबुर्डे आणि एरंडवणे ही गावं आणि त्यांची शेतं. पुण्याला बाहेर ढकललं ते दाटीनं आणि प्लेगनं. १८९७ मध्ये लोक वाडे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहिले, मोकळ्या हवेची किंमत तेव्हा कळली. पूल ही नुसती वाट.

मुठाकाठ:
वाट होती म्हणूनच पावलं तिकडं वळली ना! १८८५ ला पेठेत सुरू झालेलं फर्ग्युसन कॉलेज पलीकडं गेलं, कारण मुलं वाड्यात राहून पायी जाऊ शकत होती. उलट उदाहरण हिंगण्याचं. अण्णा (महर्षी धोंडो केशव) कर्व्यांनी १९०० मध्ये तिथं आपला विधवांसाठीचा आश्रम नेला. शहरातून तिथवर ते रोज पायी जायचे-यायचे. संस्था एवढी मोठी झाली, तरी भोवतालचं हिंगणे कितीतरी वर्षं खेडंच राहिलं. पूल लांब होता, दुसरं काय!

येरवडाकर:
आमच्या बाजूचंही ऐका. बंडगार्डनचा फिट्झजेराल्ड पूल १८६७ चा, भक्कम दगडी. त्यावरून पलीकडं आधी काय आलं? १८७१ मध्ये तुरुंग. डेक्कनला कॉलेज आणि येरवड्याला तुरुंग, हे पुलानं नाही ठरवलं. सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांनी ठरवलं. आम्ही तो शिक्का पिढ्यान् पिढ्या वागवतोय, म्हणून हा मुद्दा मला फार लागतो.

गोखलेनगर६१:
पूर विसरू नका. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं. आमची आजी शनिवार पेठेत होती, अंगावरच्या लुगड्यानिशी पर्वतीकडं पळाली. ज्या पुलांचं कौतुक चाललंय, त्यांच्यावरून पाणी वाहत होतं. गोखलेनगर वसलं ते आमच्यासारख्या पूरग्रस्तांसाठी. तिथं आम्हाला नदीनंच नेलं.

मुठाकाठ:
आजींचं वाचून थांबले क्षणभर. येरवडाकरांचा मुद्दाही मान्य: वाट पुलानं दिली, पण तिच्यावरून कोण जाईल आणि काय जाईल ते पुलाच्या हाती नव्हतं. तरी लाकडी पुलावरचा माझा हक्क सोडत नाही. इतका ताण आला की त्यावर दुचाकींना बंदी घालावी लागली आणि त्यांच्यासाठी शेजारी झेड पूल आहे. नुसत्या वाटेवर अशी वेळ येत नाही.

नारायणपेठी:
येते! पलीकडं नोकऱ्या, कॉलेजं, दुकानं असली की येते. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की डेक्कनजवळचा बुटका भिडे पूल बुडतो, तेव्हा एकदा डेक्कनला उभे राहून बघा. माणसं अडलेली असतात ती पलीकडच्या कामासाठी.