एकशे वीस दिवसांचा हिशेब

ए-३०४ (दुबई): नमस्कार मंडळी. एक शंका. मी ४ डिसेंबरला आलो. आईच्या पायाचं प्लास्टर ३० मार्चला निघेल. ३१ ला निघालो तर ११८ दिवस. १२० च्या आत बसतंय ना? १२० भरले की तिकडच्या पगारावरही इथं टॅक्स लागतो म्हणे.

बी-१०१ (सीए ताई): वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. डिसेंबरच्या आधी आला होतात का?

ए-३०४ (दुबई): नाही.

सी-२०२ (आजी): अरे, गणपतीत झांजा कोण वाजवत होतं मग? मोदक नेलेस माझ्याकडून. डबा अजून आलेला नाही.

ए-३०४ (दुबई): 🙈 विसरलोच. १२ दिवस होतो. म्हणजे १३० झाले की! तिकीट अलीकडे घेऊ का?

बी-१०१ (सीए ताई): थांबा. पासपोर्टवरचे शिक्के बघून मोजा, यायचा-जायचा दोन्ही दिवस धरा. आणि ही १२० ची अट २०२० च्या बजेटमधली. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तरच ती लागते. नाहीतर भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकाला १८२ चीच मर्यादा.

ए-३०४ (दुबई): तिथंच तर घोडं अडलंय. गाळ्याचं भाडं १०.८ लाख, एनआरई (तिकडची कमाई ठेवायचं खातं) एफडीचं व्याज ६, एनआरओचं (इथल्या उत्पन्नाचं खातं) ३. झाले १९.८.

बी-१०१ (सीए ताई): एनआरईचं व्याज करमुक्त, ते यात धरायचं नाही. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट, उरले ७.५६. त्यात ३ मिळवा, १०.५६ लाख. प्लास्टर निघेपर्यंत खुशाल राहा. आणि १५ च्या वर गेला असतात तरी इथले निवासी ठरायला मागच्या ४ वर्षांतले भारतातले दिवस मिळून ३६५ भरायला लागतात. तेही भरले तरी दर्जा आरएनओआर, म्हणजे निवासी, पण ‘सामान्य’ निवासी नाही. तिकडच्या नोकरीच्या पगाराला धक्का नाही.

ए-३०४ (दुबई): ताई, पेढे घेऊन येतो.

बी-१०१ (सीए ताई): पेढे नंतर. गाळ्याचा भाडेकरू टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कर, कापतो का?

ए-३०४ (दुबई): नाही बहुतेक. भाडं पूर्ण जमा होतं.

बी-१०१ (सीए ताई): मग १२० सोडा, खरी कटकट ही आहे. मालक अनिवासी असला की भाडेकरूने ३० टक्के अधिक त्या करावरचा सेस, म्हणजे ३१.२ टक्के कापायचे. जास्त कापले गेलेले रिटर्न भरून परत मिळतात. पण कापलेच नाहीत तर नोटीस त्या बिचाऱ्याला येते.

डी-५०१ (भाडेकरू): ताई, आमचे घरमालक अमेरिकेत असतात. भाडं २८,००० च आहे. ५०,००० च्या खाली कापायचं नसतं ना?

बी-१०१ (सीए ताई): ती मर्यादा इथं राहणाऱ्या मालकासाठी. अनिवासी मालकाला तशी सूट नाही, शिवाय तुम्हाला टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागेल. संध्याकाळी करारनामा घेऊन या.

डी-५०१ (भाडेकरू): 😳 तीन वर्षं झाली राहतोय.

सेक्रेटरी काका: ए-३०४, आकडे अख्ख्या ग्रुपने वाचले. तुमच्या फ्लॅटचा मेंटेनन्स दोन तिमाही बाकी आहे.

सी-२०२ (आजी): आणि माझा डबा.